गणितांत अडणारीं मुलें व आपलें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत एका निवृत्त शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या आनंदाच्या दिवसांत गणितासारख्या रुक्ष विषयावर बोलण्यास मला उभें करण्यांत समितीनें मोठेंच धाडस केलें आहे. सकाळपासून गाणीं झालीं, नाटुकलें झालें, वडीलधाऱ्यांचा सत्कार झाला. आणि आतां जेवणाची वेळ जवळ आली असतां हा म्हातारा मास्तर भागाकार घेऊन उभा राहिला, असें कोणाच्या मनांत आल्यास मी त्यांस दोष देणार नाहीं. परंतु ह्या सभेंत पांचवी ते आठवींतल्या मुलांचे आईबाप पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं अनेकांनीं मला वाटेंत गांठून एकच प्रश्न विचारला आहे: "सर, पोर बाकीच्या विषयांत बरें आहे; गणितांतच अडतें. काय करावें?" ह्या प्रश्नाचें उत्तर वाटेंत उभ्याउभ्या देतां येत नाहीं. तें आज सर्वांपुढें द्यावें, म्हणून मीं हें निमंत्रण स्वीकारलें.

उत्तर देण्यापूर्वीं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीस वर्षांहून अधिक काळ मीं शाळेंत गणित शिकविलें. आरंभींच्या वर्षांत सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें नांव सांगत नाहीं. एके दिवशीं मीं त्याला फळ्यावर ६१२ भागिले ६ हें उदाहरण घातलें. त्यानें उत्तर लिहिलें १२. मीं विचारलें, "सहाशें रुपये सहा जणांत वांटले, तर प्रत्येकाच्या वांट्यास बारा येतात काय रे?" सगळा वर्ग हंसला. मुलगा खडू हातांत धरून खालीं पाहत राहिला. मीं त्याला जागेवर जाऊन उभें राहण्यास सांगितलें, आणि वर म्हणालों, "गणित तुझ्या नशिबींच नाहीं." आठवीनंतर त्यानें शाळा सोडली.

वीस-बावीस वर्षें गेलीं. एकदां बाजारांत भाजी घेतांना विकणाऱ्यानें "सर" म्हणून हांक मारली. पाहतों तो तोच मुलगा. आतां चांगला बाप्या झालेला. माझ्या पुढें एक खाणावळवाली बाई उभी होती. तिनें पावणेतीन किलो वांगीं घेतलीं. भाव साठ रुपये किलो. कांटा स्थिर होण्यापूर्वींच हा म्हणाला, "अडीचाचे दीडशें, पावाचे पंधरा, एकशें पासष्ट द्या, मावशी." पावणेतीन गुणिले साठ! हेंच उदाहरण मीं त्याला सातवींत फळ्यावर घातलें असतें, तर तो खात्रीनें चुकला असता, आणि मीं त्याला पुन्हां उभें केलें असतें.

बाई गेल्यावर तो म्हणाला, "सर, माझी मुलगी सहावींत आहे. तिचेंहि गणितांत माझ्यासारखेंच होऊं लागलें आहे. तिला तेवढी तुमच्या नजरेखालून घाला." मीं होकार दिला. तेव्हां तो किंचित् हंसून म्हणाला, "एवढेंच, तिला नशिबाचें कांहीं सांगूं नका."

श्रोतेहो, त्या दिवशीं मी भाजी न घेतांच घरीं आलों. आज जें सांगणार आहें, तें मीं पुष्कळसें त्या बाप-लेकींपासून शिकलों आहें.

प्रथम त्या १२ ह्या उत्तराचा विचार करूं. तें कोठून आलें? मुलानें सहांत सहा एक वेळ घेतले व १ लिहिला. पुढचा अंक १. त्यांत सहा जात नाहींत. म्हणून त्यानें शेजारचा २ खालीं घेतला, बारांत सहा दोन वेळ घेतले व २ लिहिला. ह्यांत आळस कोठें आहे? पाढा बरोबर, रीत बरोबर. फक्त दशकाच्या घरांत कांहीं आलें नाहीं, तेथें शून्य मांडावें लागतें, एवढें एक त्याला ठाऊक नव्हतें. एकक, दशक, शतक हीं घरें तिसरीच्या सुमारास पक्कीं व्हावयाचीं असतात. त्याचीं तीं झालीं नव्हतीं. आणि मी त्याच्याकडून सातवीचे भागाकार घोटून घेत होतों! ज्याच्या घराच्या जिन्याची तिसरी पायरी मोडली आहे, त्याला सातव्या पायरीवर उभा राहून हांका मारल्यानें तो वर येत नाहीं. आपण खालीं उतरून ती पायरी बसवून द्यावी लागते.

माझें सगळें म्हणणें ह्या एका गोष्टींत आहे. सहावी-सातवींत गणितांत अडलेलें मूल बहुधा सहावी-सातवींत अडलेलें नसतें. तें दोन, तीन, चार इयत्ता खालीं कोठें तरी अडलेलें असतें. आणि तेव्हांपासून आजपर्यंत तें कसेंबसें पाठांतरावर निभावून नेत असतें. ती जागा शोधून काढणें व तेथून त्याला लाज न वाटूं देतां वर आणणें, हें खरें साहाय्य होय.

ही एकट्या-दुकट्या मुलाची कथा आहे, असें समजूं नका. 'प्रथम' ह्या संस्थेच्या पुढाकारानें आपल्या देशाच्या ग्रामीण भागांत 'असर' नांवाची पाहणी होत असते. २०२२ सालच्या पाहणींत आठवीच्या १०० मुलांपैकीं सुमारें ४५ मुलांसच तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागतां आलें. हा भागाकार चौथीच्या सुमाराचा आहे. म्हणजे उरलेलीं पंचावन्न मुलें बीजगणिताचें पुस्तक हातांत धरून त्याच मोडक्या पायरीपाशीं उभीं आहेत. इतकीं मुलें जन्मतःच मंद असतील, हें संभवत नाहीं.

बुद्धीचाच प्रश्न नसतो, ह्याचा आणखी एक पुरावा बाजारांत सांपडतो. कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून त्याचा वृत्तांत २०२५ सालीं 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकांत छापला गेला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब हीं मुलें तोंडीं बिनचूक करीत. पण तशीच आंकडेमोड शाळेच्या रीतीनें मांडून दिली, कीं त्यांतलीं बहुतेक अडत. उलट शाळेंतलीं मुलें कागदावर बरीं ठरत, पण बाजारी हिशेबांत गोंधळत. माझा वांगीं विकणारा विद्यार्थी ह्या पहिल्या वर्गांतला. त्याच्या डोक्यांत गणित होतें. त्या गणितापासून वहीपर्यंत येण्यास पूल नव्हता, आणि तो बांधण्याचें काम माझें होतें.

आतां, हा अडथळा पांचवी ते आठवीच्या काळांतच इतका उघड कां होतो? चौथीपर्यंत संख्या म्हणजे मोजदाद असते. पांच आंबे, वीस गोट्या, शंभर रुपये. पुढें अपूर्णांक येतात, दशांश चिन्ह येतें, शून्याहून लहान संख्या येतात, आणि शेवटीं अंकांच्या जागीं अक्षरें येऊन बसतात. जो नियम आजवर खरा होता, तो एकाएकीं खोटा ठरूं लागतो. गुणल्यानें संख्या वाढते, हें मुलानें चार वर्षें पाहिलेलें असतें. आणि आतां अर्ध्यानें गुणल्यास ती घटते! मूल बावरतें. पण बावरलों असें तें सांगत नाहीं. "मला येत नाहीं" एवढेंच म्हणतें, आणि आपण म्हणतों, "लक्ष देत नाहीं."

मुलांच्या नेहमींच्या दोन-तीन चुका आपल्यापुढें ठेवतों. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असें विचारलें असतां पुष्कळ मुलें दोन पंचमांश म्हणतात. वरच्यांत वरचे, खालच्यांत खालचे मिळविले, झालें. त्यांस रागावूं नका, एवढेंच विचारा, "अर्ध्या भाकरींत आणखी तिसरा हिस्सा घातला, तर ती अर्ध्याहून कमी होईल काय?" दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत, हें दिसलें कीं मूल आपणच थांबतें.

दुसरी चूक: शून्य दशांश पसतीस मोठें, कीं शून्य दशांश पांच? मूल म्हणतें, पसतीस मोठें, कारण पांचाहून पसतीस मोठेच. शिंप्याची मोजपट्टी घ्या. पहिलें म्हणजे पसतीस सेंटीमीटर, दुसरें म्हणजे अर्धा मीटर, पन्नास सेंटीमीटर. पट्टीवर बोट ठेवल्यावर वाद उरत नाहीं.

तिसरी चूक अधिक मार्मिक आहे. कागदावर लिहा: आठ अधिक चार बरोबर चौकोन अधिक पांच. चौकोनांत काय येईल? उत्तर सात. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत सहावीच्या १४५ मुलांस हें विचारलें होतें. त्यांपैकीं एकाचेंहि उत्तर बरोबर आलें नाहीं. सर्वांनीं बारा किंवा सतरा म्हटलें. कारण 'बरोबर' हें चिन्ह पाहिलें, कीं येथें उत्तर लिहावयाचें, इतकेंच तीं शिकलीं होतीं. तें तराजूच्या दोन पारड्यांमधला कांटा आहे, हें त्यांस कोणीं दाखविलें नव्हतें. असें मूल सातवींत समीकरणापुढें गेलें, म्हणजे त्याची काय अवस्था होत असेल, ह्याची कल्पना करा.

तात्पर्य, मुलाची चूक ही बहुधा विचारानें केलेली असते. तो विचार आपणांस कळला, तर अर्धें काम झालें. म्हणून अडलेल्या मुलास विचारण्याचा पहिला प्रश्न "किती आले?" हा नव्हे, "कसें केलेंस, मला सांग," हा होय. आणि उत्तर बरोबर आलें तरीहि तें कसें आलें हें विचारावें, म्हणजे हा प्रश्न ऐकूं आला कीं आपण चुकलोंच, असें मुलास वाटणार नाहीं.

आपल्या घरांतल्या वृद्ध मंडळींस आठवत असेल, कीं त्यांच्या काळीं अपूर्णांक पुस्तकांत येण्यापूर्वींच बाजारांत भेटत असे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. त्यापूर्वीं रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चार आणे म्हणजे पावली, आठ आणे म्हणजे अधेली. मूल दुकानांत गेलें, कीं मुठींत पाव रुपया धरून जात असे. शाळेंत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, इतकेंच नव्हे तर औटकी म्हणजे साडेतिनांचा पाढा म्हणवून घेत. तो काळ सोन्याचा होता, असें मी म्हणत नाहीं. औटकी न आल्यामुळें छड्या खाल्लेले ह्या सभेंतहि असतील. परंतु पाव, अर्धा व पाऊण हे त्या पिढीचे रोजचे सोबती होते. आज पंचवीस पैशांचें नाणेंहि राहिलें नाहीं. तें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें. वस्तु बंद पाकिटांत येते, पैसे फोनवरून जातात. मूल मोड परत मोजून घेत नाहीं. त्यामुळें पाव म्हणजे काय, हें त्याला प्रथम छेद व अंश ह्यांच्या रूपानेंच भेटतें. ही उणीव मुलाची नव्हे. काळ बदलला त्याची आहे. ती आपण घरांत भरून काढली पाहिजे.

भाषेचीहि एक अडचण आहे. आपल्या वसईच्या पट्ट्यांत कोणाच्या घरीं सामवेदी, कोणाच्या घरीं वाडवळी. शाळेंत मराठी किंवा इंग्रजी. आणि ज्यास सेमी-इंग्रजी म्हणतात त्या वर्गांत पुष्कळ विषय मराठींत, पण गणित इंग्रजींत. आजी म्हणते पाऊण, बाई म्हणतात थ्री-फोर्थ. दोन्ही एकच, हें मुलास कोणी सांगत नाहीं. मराठींतहि आपण एकोणसाठ म्हणतांना साठाचें नांव घेतों, आणि लिहितांना पांचापुढें नऊ लिहितों. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत पंचवीस ह्यास 'वीस पांच' असेंहि वाचण्याची रीत आली, तेव्हां केवढा वाद झाला हें आपणांस आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांचें म्हणणें असें होतें, कीं जोडाक्षरांची व उलट क्रमाची अडचण लहान मुलांच्या वाटेंतून काढावी. ती रीत कोणास पटो वा न पटो. परंतु संख्येच्या नांवांतहि मूल अडूं शकतें, हें त्यांनीं दाखविलें, तें आपण विसरूं नये.

आतां त्या मुलीकडे वळतों. जून महिन्यापासून आठवड्यांतून दोन संध्याकाळीं ती आमच्या ओटीवर येऊं लागली. पहिल्या दिवशीं मीं तिला सहावीच्या पुस्तकांतलें कांहींच विचारलें नाहीं. ३०२ मधून १७ वजा करण्यास सांगितलें. तिनें उत्तर लिहिलें ३१५. दोहोंतून सात जात नाहींत, म्हणून सातांतून दोन वजा केले. शून्यांतून एक जात नाहीं, म्हणून एकांतून शून्य वजा केलें. मूळच्या संख्येहून बाकी मोठी आली, तरी तिला कांहीं चुकल्यासारखें वाटलें नाहीं. बापाला अडविणारें तेंच शून्य मुलीच्या वाटेंत येऊन उभें राहिलें होतें.

मीं घरांतून शंभराच्या तीन नोटा व रुपयाचीं दोन नाणीं आणलीं आणि म्हणालों, "मला सतरा रुपये दे." ती म्हणाली, "सुटे नाहींत." "मग काय करशील?" "शंभराची मोड आणीन." तिच्या तोंडून हा शब्द आला, तोच आमचा पूल झाला. एका शंभराच्या दहा-दहाच्या दहा नोटा केल्या. त्यांतल्या एका दहाचीं दहा नाणीं केलीं. सतरा काढून दिले. उरले दोनशें पंचाऐंशी. मग तेंच कागदावर, ओळीनें, न बोलतां. पुढच्या खेपेस ती पुन्हां चुकली. त्याच्या पुढच्या खेपेस निम्मीं बरोबर आलीं. शून्य तिच्या हातांत नीट बसण्यास तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिच्या वर्गांत तिकडे अपूर्णांकांची बेरीज चालली होती, आणि तिच्या आईस वाटे, सर हिला तिसरीचें काय शिकवीत बसले आहेत! मलाहि कधीं कधीं तसें वाटे. पण पाया बसल्यावर पुढचें वेगानें झालें. वर्तमानपत्राच्या पट्ट्या घडी घालून अर्धा, पाव, अष्टमांश केले. पट्ट्या एकमेकींवर ठेवून कोणता मोठा, कोणता लहान हें पाहिलें. आणि दिवाळीपर्यंत ती आपल्या वर्गाच्या जवळ येऊन पोहोंचली.

वार्षिक परीक्षेंत तिला शंभरांपैकीं एक्कावन्न गुण मिळाले. हें कांहीं दैदीप्यमान यश नव्हे. परंतु तिनें उत्तरपत्रिका मला दाखविली, तेव्हां तींत एका वजाबाकीचें उत्तर तिनें स्वतःच खोडून पुन्हां केलेलें होतें. मीं कारण विचारलें. ती म्हणाली, "बाकी मोठी येत होती, सर. असें कसें होईल?" त्या एका खोडलेल्या ओळीनें मला जितका आनंद झाला, तितका शंभर गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांनींहि दिला नव्हता.

मग आईबापांनीं काय करावें? मी पांच गोष्टी सांगतों. त्यांतली एकहि खर्चाची नाहीं.

पहिली: "मलाहि गणित कधीं आलें नाहीं" असें मुलापुढें म्हणूं नये. आपण धीर देण्यासाठीं म्हणतों. मूल त्याचा अर्थ घेतें, कीं हें आपल्या घराण्यांतच नाहीं. २०१५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत पहिली-दुसरीच्या मुलांविषयीं असें दिसलें, कीं ज्या आईबापांस स्वतः गणिताची भीति आहे, ते मुलांस गृहपाठांत वारंवार मदत करूं लागले, तर मुलांचें शिक्षण उलट कमी होतें व भीति वाढते. ज्यास अशी भीति असेल, त्यानें उत्तर सांगूं नये. मुलानें आपणांस समजावून द्यावें असें म्हणावें, आणि ऐकत बसावें.

दुसरी: मुलाची अडलेली पायरी शोधावी. मागच्या तीन-चार इयत्तांचीं पुस्तकें शेजारपाजाऱ्यांकडून मिळवावीं. चौथीचें पुस्तक उघडावें. तेथें अडलें तर तिसरीचें. जेथें मूल सहज चालूं लागतें, तेथून आरंभ करावा. हें भावंडांसमोर करूं नये, आणि "एवढेंहि येत नाहीं?" हे शब्द ओठांवर येऊं देऊं नयेत.

तिसरी: रोज वीस मिनिटें बसावें. रविवारीं तीन तास बसून आठवड्याचा हिशेब चुकता करूं नये. थकलेलें मूल शिकत नाहीं. तें फक्त घड्याळाकडे पाहतें.

चौथी: पाढे पाठ करून घ्यावे, पण समजून. सात आठे छप्पन्न हें सात एके सातापासून म्हणत आल्याशिवाय येत नसेल, तर पाढा अजून मुलाच्या ताब्यांत आलेला नाहीं. सात पंचे पसतीस ठाऊक असेल, तर त्यांत सात त्रिक एकवीस मिळविले कीं छप्पन्न होतात, हें त्याला एकदां शोधूं द्यावें. मग पाठांतर करावें. दोन्ही हातांनीं काम चालतें, तसें समज आणि पाठांतर ह्या दोहोंनीं गणित चालतें.

पांचवी: अदमास व ताळा ह्यांची संवय लावावी. उदाहरण करण्यापूर्वीं "साधारण किती येईल?" आणि केल्यावर "हें शक्य आहे काय?" एवढे दोन प्रश्न. बाजारांत मूल बरोबर असलें, कीं एकूण किती होतील हें त्याला आधीं सांगूं द्यावें. माझ्या त्या विद्यार्थ्यानें फळ्यावर हा एक प्रश्न स्वतःला विचारला असता, तर बारा हें उत्तर त्यानें आपल्याच हातानें पुसलें असतें. तो प्रश्न शिकविण्याऐवजीं मीं त्यावर वर्ग हंसविला.

शिकवणी लावावी काय, असें विचाराल. शिकवणी वाईट नाहीं. परंतु बहुतेक ठिकाणीं शाळेंत जें चाललें आहे, तेंच पुन्हां चालतें. वरच्याच पायऱ्या दुसऱ्यानें झाडून होतात. शिकवणी लावण्यापूर्वीं एवढें विचारावें, कीं माझें मूल कोठें अडलें आहे हें आपण आधीं पाहाल काय? आणि शाळेंतल्या शिक्षकांवर सगळा भार टाकूं नये. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें सहावी ते आठवीस पसतीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें म्हटलें आहे. तेवढीं मुलें असलीं तरी त्यांत चार-पांच इयत्तांच्या अंतराचीं मुलें एकत्र बसतात, आणि अभ्यासक्रम मार्चपूर्वीं संपवावा लागतो. शिक्षकास जाऊन जाब विचारण्यापेक्षां, "मूल कोणत्या जागीं चुकतें तें सांगाल काय?" असें विचारल्यास तो आपला मित्र होईल.

आणखी एक सूचना. थोड्या मुलांच्या बाबतींत संख्येचें आकलनच जन्मतः कठीण असतें. त्यास डिस्कॅल्क्युलिआ म्हणतात. बाकीच्या विषयांत ठीक असलेलें मूल वर्षभर शांतपणें मदत करूनहि लहान संख्यांची तुलना, घड्याळ किंवा सुटे पैसे ह्यांत सतत गोंधळत असेल, तर जाणत्या तज्ज्ञाकडून त्याची तपासणी करून घ्यावी. ही लाजेची गोष्ट नव्हे. नजर कमी असली तर आपण चष्मा लावतोंच.

शेवटीं, ह्या धर्मग्रामापुढें माझी एक विनंति आहे. मुंबई व वडोदरा येथें २००१ ते २००३ ह्या काळांत 'बालसखी' नांवाचा एक प्रयोग झाला. तिसरी-चौथींतलीं मागें पडलेलीं मुलें पंधरा-वीसच्या गटांत रोज दोन तास वेगळीं बसत, आणि वस्तींतलीच एखादी शालान्त परीक्षा झालेली तरुणी त्यांस मूळापासून शिकवी. तिला बी.एड्. नव्हतें, मोठा पगार नव्हता. तरी मुलांची प्रगति स्पष्ट दिसून आली, आणि सर्वांत मागें असलेल्यांस सर्वांत अधिक लाभ झाला. ह्या प्रयोगाचें मोजमाप करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे होते. त्यांस पुढें २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपलीं मुलें त्या मुलांहून वयानें मोठीं आहेत. पण ज्या पायरीवर तीं अडलीं आहेत, ती तीच आहे.

आपल्या सभागृहाच्या मागची खोली संध्याकाळीं रिकामी असते. आपल्यांत बारावी झालेल्या, महाविद्यालयांत जाणाऱ्या मुली व मुलगे आहेत. निवृत्त शिक्षक आम्ही चार-पांच जण आहों. आठवड्यांतून तीन संध्याकाळीं, एक एक तास, पंधरा मुलें घेऊन आरंभ करावा. तीं इयत्तेप्रमाणें बसवूं नयेत. ज्या पायरीवर असतील, त्याप्रमाणें बसवावीं. तेथें गृहपाठ करून देऊं नये, गुणांची यादी लावूं नये, फी घेऊं नये. साहित्य म्हणजे कांहीं नोटा-नाणीं, काड्यांच्या जुड्या, कागदाच्या पट्ट्या व एक मोजपट्टी. तरुण मंडळींस पहिले दोन महिने शिकविण्याची जबाबदारी मी घेतों.

एका गोष्टीची हमी मात्र मी आधींच मागून ठेवतों. त्या खोलींत कोणाच्याहि चुकीवर कोणीं हंसावयाचें नाहीं. हा नियम मुलांस नव्हे, शिकविणाऱ्यांस आहे. आणि तो मीं सर्वांत आधीं माझ्याकरितां केला आहे.

तो वांगीं विकणारा गृहस्थ आज ह्या सभेंत आहे. मीं त्याची परवानगी घेऊनच ही हकीकत सांगितली. त्याची मुलगी आतां आठवींत आहे, आणि त्या खोलींत तिसरीच्या पायरीवर अडलेल्या मुलांस शंभराची मोड शिकविण्यास ती तयार आहे. ज्यांस आपलें मूल पाठवावयाचें असेल, किंवा स्वतः शिकवावयास यावयाचें असेल, त्यांनीं सभा संपल्यावर दारापाशीं ठेवलेल्या वहींत नांव लिहावें.